उघडं रान, झाकलेलं रान: पाणी किती मुरतं ते मोजायचं कसं आणि आच्छादन करायचं कसं

बांधबंदिस्ती झालेली असते, चर खोदलेले असतात, तरी वळवाचा पाऊस पडून अर्धा तास होत नाही तोवर ओढा गढूळ पाण्यानं भरून वाहू लागतो. ते पाणी पुढं बंधाऱ्यात अडतं हे चांगलंच. पण बंधाऱ्यापर्यंत गेलेलं पाणी वरच्या वावरात मुरलेलं नसतं, आणि जाताना ते माती घेऊन जातं. माण, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा, कर्जत, जामखेड, आष्टी या कमी पावसाच्या पट्ट्यात हे परवडणारं नाही. एका एकरावर १ मिमी पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. २० मिमीच्या एका सरीतलं निम्मं पाणी वाहून गेलं, तर एकरामागं दहा हजार लिटरचे चार टँकर गेले.

पाऊस मुरणार की वाहणार हे जमिनीच्या वरच्या बोटभर थरात ठरतं, आणि त्या थरावर काय पांघरलेलं आहे यावर बरंच अवलंबून असतं. हे बहुतेकांना तोंडपाठ आहे. तरीही मोजायला बसलं की आकडे उलटे येतात: "उघड्या रानात पाणी लवकर मुरलं, गवतात उशीर लागला." मग आच्छादनावरचा विश्वासच उडतो. यात दोष आच्छादनाचा नसतो, मोजण्याच्या पद्धतीचा असतो. म्हणून आधी मोजणी आणि मग आच्छादन, या क्रमानं सगळं लिहितो आहे.

## सुरू करण्यापूर्वी: झाकण नेमकं काय करतं

पाच मिमीचा मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळपास ९ मीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या वर असतो. उघड्या मातीचं ढेकूळ या माऱ्यानं फुटतं, बारीक कण सुटे होतात आणि शेजारच्या भोकांत जाऊन बसतात. पाऊस थांबला, ऊन पडलं की वर काही मिलिमीटरची पपडी धरते. खालची माती कितीही भुसभुशीत असली तरी पुढच्या पावसाला आधी ही पपडी ओलांडावी लागते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर पहिल्या वळवानंतर उघड्या वावरात उकिडवे बसा. जागोजागी एखादा खडा मातीच्या इवल्याशा खांबावर उभा दिसेल. खड्यानं आपल्याखालची माती राखली, भोवतालची थेंबांनी उडवून नेली. त्या खांबाची उंची म्हणजे एका पावसात गेलेला थर. खडा जे बोटभर जागेत करतो, तेच पालापाचोळा, धसकटं आणि गवत सगळ्या रानात करतात.

झाकणाची आणखी दोन कामं आहेत. एक, गवताचे ठोंब आणि काड्याकुड्या वाहत्या पाण्याला जागोजागी अडवतात, त्यामुळं पाण्याला मुरायला वेळ मिळतो. दोन, कुजलेली मुळं, वाळवी आणि गांडुळं जमिनीत उभी भोकं करतात. झाकणाखाली ओल आणि खाद्य असतं म्हणून ही मंडळी तिथं टिकतात. पहिला फायदा आच्छादन पसरलं त्याच दिवशी मिळतो, भोकांचा फायदा मिळायला दोन-तीन हंगाम जातात. पहिल्या वर्षाच्या मोजणीत चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

## टप्पा १: सामान आणि वेळ

हे सामान आदल्या दिवशी गोळा करा:

- १५ सेंमी आतल्या व्यासाची, १२ ते १५ सेंमी उंचीची कडी, किमान तीन. ही जमिनीत ठोकून आत पाणी ओतायचं असतं. लोखंडी पाइपाचे तुकडे सर्वांत चांगले. वेल्डिंगवाल्याकडून एका कडेला बाहेरून धार लावून घ्या.
- आडवी ठेवायला लाकडी फळी आणि हातोडा.
- मिलिलिटरच्या खुणा असलेलं माप, पातळ प्लास्टिकची पिशवी, पट्टी, कात्री, वही आणि मोबाइलमधलं घड्याळ.
- दहा मीटरची दोरी, दर १० सेंमीवर रंगाची खूण केलेली.
- बारीक भोकांची झारी.
- ४० लिटर पाणी.

पाण्याकडं दुर्लक्ष होतं. बोअरचं खारट पाणी वापरलं तर चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात, भोकं बुजत नाहीत आणि पाणी खऱ्यापेक्षा जास्त वेगानं मुरल्यासारखं दिसतं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यात तीच माती सहज विरघळते. म्हणून साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम, नाहीतर गोडं पाणी घ्या. आणि सगळ्या जागांना एकच पाणी वापरा.

वेळ: चांगला पाऊस होऊन गेल्यावर वाफसा आला की मोजा. कोरडी माती स्पंजासारखी पाणी ओढते, त्यामुळं पहिले आकडे फुगतात. भेगाळलेल्या काळ्या रानात तर मोजूच नका. मी सुरुवातीच्या काळात मे महिन्यात काळ्या रानात कडं बसवलं, ते नेमकं भेगेवर. ओतलेलं पाणी मिनिटभरात गडप झालं आणि मी तो आकडा खरा धरला. त्याच वावरात सप्टेंबरात कडं ठोकलं तेव्हा सकाळी ओतलेलं पाणी दुपारपर्यंत तसंच उभं होतं. भेगा मिटल्या की काळी माती अगदी हळू पाणी घेते. त्या मेच्या आकड्यावर मी जो सल्ला दिला होता, तो मला माघारी घ्यावा लागला.

तपासा: मातीची मूठ वळून बोटानं दाबा. सहज फुटली आणि हाताला चिकटली नाही तर वाफसा आहे.

## टप्पा २: जागा निवडा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात.

तुलना करायची ती झाकणाची. म्हणून जमीन, उतार आणि खोली तीच हवी, फक्त झाकण वेगळं हवं. वावरातली उघडी जागा आणि बांधावरचं गवत यांची तुलना करू नका. बांधाची माती भर टाकलेली असते, कित्येक वर्षं नांगराखाली आलेली नसते, ती वेगळीच जमीन आहे. बांधावरचं गवत तपासायचं असेल तर त्याच बांधावर उघडी पडलेली जागा शोधा. माळावर हे सोपं जातं: गवताचा ठोंब आणि त्याच्या शेजारची हातभर अंतरावरची उघडी जागा.

प्रत्येक प्रकाराच्या किमान तीन जागा घ्या, जमलं तर पाच. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, जनावरांची वाट, मुंग्यांची वारुळं आणि गेल्या आठवड्यात वखरलेलं रान टाळा. नुकतं वखरलेलं उघडं रान पाणी भरपूर घेतं, पण एका जोरदार सरीपुरतंच. मशागतीनंतर एक मोठा पाऊस होऊन पपडी धरलेली असेल तीच उघड्या जमिनीची खरी अवस्था.

सावधान: "जागा साफ करून घेऊ" म्हणून कुणी खुरपं हातात घेतलं तर थांबवा. उघड्या जागेची पपडी आणि झाकलेल्या जागेचा पालापाचोळा, मोजायच्या या दोनच गोष्टी आहेत. साफसफाईत दोन्ही निघून जातात.

## टप्पा ३: झाकण किती आहे ते मोजा

"भरपूर गवत आहे" याला वहीत किंमत नाही. खुणा केलेली दोरी उताराला आडवी, जमिनीलगत ताणा. प्रत्येक खुणेच्या बरोबर खाली काय आहे ते बघा: जिवंत गवताचा बुडखा, काडीकचरा, खडा की उघडी माती. दहा मीटरवर शंभर खुणा, म्हणजे मोजणी थेट टक्क्यांत मिळते. वेगवेगळ्या तीन ठिकाणी दोरी टाका आणि सरासरी काढा.

हे करताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, वरून बघा, पण नोंद जमिनीलगतच्या झाकणाची करा. डोक्यावरून जाणारी फांदी वेगळ्या रकान्यात.

दुसरी, खडे दोन प्रकारचे असतात. मातीवर सुटा पडलेला खडा थेंब झेलतो आणि त्याच्या कडेनं पाणी आत शिरतं. पपडीत रुतून बसलेला खडा पाण्याचा रस्ता अडवतो. सुट्या खड्यांची नोंद झाकणात करा, रुतलेल्यांची उघड्यात. माणदेशात मुरमाड रानातले खडे वेचून बांधावर टाकायची जुनी सवय आहे. पाभर, कोळपं चालायला अडणारे मोठे दगड काढावेच लागतात, पण बारीक सुटे खडे राहू द्यावेत असं माझं ठाम मत झालं आहे.

तिसरी, ३० टक्के हा आकडा डोक्यात ठेवा. पेरणीनंतर किमान ३० टक्के जमीन पिकांच्या अवशेषांनी झाकलेली असेल तरच तिला संवर्धित मशागत म्हणतात. हा किमान आकडा आहे. उताराच्या रानात त्याच्या दुप्पट धरून चला.

## टप्पा ४: कड्याची चाचणी

१. झाकलेल्या जागी उभं गवत कात्रीनं जमिनीपासून एक सेंमीवर कापा. उपटू नका. मूळ हललं की भोवतीची माती मोकळी होते आणि पाणी तिथून पळतं. पालापाचोळा तसाच ठेवा. कड्याच्या धारेखाली येणाऱ्या काड्या तेवढ्या चाकूनं गोल कापून घ्या.

२. कडं ठेवा, वर फळी, आणि फळीच्या मधोमध हातोडा मारा. एका बाजूला ठोकून मग दुसऱ्या बाजूला ठोकायचं असं करू नका, कडं डुगडुगतं आणि आत फट पडते. पाच सेंमी आत गेलं की पुरे. दगड लागला तर जोर लावू नका, हातभर सरकवून नवी जागा घ्या.

३. आतल्या कडेला फट दिसली तर तेवढीच माती बोटानं हलकेच दाबा. मधल्या भागाला हात लावू नका.

४. प्लास्टिकची पिशवी कड्याच्या आत अंथरा, त्यात ४४० मिलि पाणी ओता. १५ सेंमी व्यासाच्या कड्यात हे पाणी अडीच सेंमी उभं राहतं. कड्याचा व्यास वेगळा असेल तर हिशेब पुन्हा करा: त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४ गुणिले २.५, सगळं सेंटिमीटरमध्ये. उत्तर मिलिलिटरमध्ये येतं.

५. पिशवी हळूच एका बाजूनं ओढून घ्या आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करा. पिशवी न वापरता वरून धार सोडली तर पपडीला खड्डा पडतो आणि उघड्या जागेचा आकडा खोटा चांगला येतो. आतापर्यंत पाहिलेल्या चुकीच्या मोजण्यांमध्ये ही चूक सर्वांत जास्त वेळा सापडली आहे.

६. पाणी मुरून मातीवर नुसती चकाकी उरली की घड्याळ थांबवा. जमीन उंचसखल असेल तर निम्मी माती उघडी पडली की थांबवा. सगळ्या जागांना एकच नियम लावा.

७. लगेच दुसऱ्यांदा ४४० मिलि ओता, मग तिसऱ्यांदा. पहिला आकडा वहीत लिहा, पण तुलनेत वापरू नका. दुसरा आणि तिसरा जवळपास सारखे आले तर तिसरा धरा. फार फरक असेल तर चौथ्यांदा ओता.

८. भारी काळ्या रानात पाणी संपायची वाट बघत बसू नका. कड्यात पट्टी उभी धरून तासाभरात पाणी किती मिमी खाली गेलं ते बघा.

हिशेब सोपा आहे: १५०० भागिले लागलेली मिनिटं. दहा मिनिटं लागली तर ताशी १५० मिमी, तीस मिनिटं लागली तर ५०, पंचाहत्तर मिनिटं लागली तर २०.

तपासा: कड्याच्या बाहेर ओल फुटून आली का? बाहेर पाणी दिसलं तर ती जागा रद्द. वहीत "गळती" असं लिहा आणि शेजारी नवीन कडं बसवा.

आणखी एक तपासणी: जळालेल्या गवताच्या जागी किंवा निलगिरीच्या पाल्याखाली कधी कधी थेंब मातीवर मोत्यासारखा बसून राहतो. कडं बसवण्याआधी ड्रॉपरनं किंवा बोटानं चार थेंब टाका. पाच सेकंदांत मुरले नाहीत तर माती पाणी झिडकारते आहे अशी नोंद करा, नाहीतर पुढचा आकडा बघून गोंधळ होईल.

## टप्पा ५: झारीची चाचणी, जी जवळपास सगळे वगळतात

कड्यात पाणी शांतपणे ओतलं जातं, तिथं थेंबाचा मारा नसतो. म्हणजे झाकणाचं जे सर्वांत मोठं काम, तेच कड्याच्या चाचणीत दिसत नाही. आधीच धरलेली पपडी तेवढी कळते. म्हणून दुसरी चाचणी हवी.

सौम्य उतारावर, एकाच वावरात, ५० सेंमी बाय ५० सेंमीचे दोन चौकोन घ्या. वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना पत्र्याच्या पट्ट्या पाच सेंमी आत रोवा. खालच्या बाजूला वाकवलेल्या पत्र्याची पन्हळ मातीला चिकटून बसवा आणि तिच्या तोंडाशी खड्डा करून त्यात पाणी झेलायला एक मग ठेवा. एक चौकोन उघडा ठेवा. दुसऱ्यावर १२५ ग्रॅम भुसकट किंवा वाळलेला पाला सारखा पसरा. हे हेक्टरी पाच टनांचं प्रमाण झालं.

आता दीड मीटर उंचीवरून, झारी हलवत, दहा मिनिटांत पाच लिटर पाणी एका चौकोनावर घाला. म्हणजे २० मिमीची सर झाली. वाहून आलेलं पाणी मगात मोजा. मग दुसरा चौकोन, तीच उंची, तोच माणूस, तोच वेळ. दोन्हीकडचं पाणी काचेच्या बाटल्यांत रात्रभर ठेवून सकाळी तळाचा गाळ बघा.

झारीचे थेंब खऱ्या पावसाइतके जोरात पडत नाहीत. त्यामुळं खऱ्या वळवात दोन चौकोनांतला फरक यापेक्षा मोठा असतो, लहान नाही. गावात कुणाला पटवून द्यायचं असेल तर भाषण नको, या दोन बाटल्या पारावर नेऊन ठेवा.

## टप्पा ६: आकडे वाचताना

समजा उघड्या तीन जागांना ४०, ५० आणि ९० मिनिटं लागली, झाकलेल्यांना १२, २० आणि २५. सरासरी काढू नका. मधला आकडा घ्या: ५० आणि २०. म्हणजे ताशी ३० मिमी आणि ताशी ७५ मिमी, अडीच पट फरक. एखाद्या जागी वाळवीचं भोक लागलं की एकच आकडा सरासरी बिघडवतो, म्हणून मधला.

"आमचं रान ताशी ७५ मिमी पाणी घेतं" असं मात्र सांगत फिरू नका. लहान कड्यातलं पाणी खाली जातं तसं आजूबाजूलाही पसरतं, त्यामुळं आकडा फुगतो. दोन जागांमधलं प्रमाण विश्वासाचं, सुटा आकडा नाही. ठोस आकडा हवा असेल तर एकात एक अशी ३० आणि ६० सेंमीची दोन कडी लागतात आणि पाणीही पुष्कळ लागतं. शेतातल्या निर्णयासाठी त्याची गरज नाही.

आणि मुरलेलं पाणी म्हणजे विहिरीत पोहोचलेलं पाणी नव्हे. हिरवं झाकण स्वतःही पाणी पितं. गवतात दुप्पट पाणी मुरलं तरी हंगामाअखेर खालची ओल कमी निघू शकते. वाळलेलं आच्छादन पाणी पीत नाही, पण दोन-तीन मिमीची बारीक सर स्वतःतच अडवून वाळवून टाकतं. प्रत्येक झाकणाचा असा एक खर्च आहे, तो मांडूनच पुढं जा.

## टप्पा ७: वावरात आच्छादन

आधी वेळेची चूक. रब्बी ज्वारीत हेक्टरी पाच टन आच्छादन पाचव्या आठवड्यापर्यंत पसरायची शिफारस आहे आणि ती योग्यच आहे. पण नोव्हेंबरातलं ते आच्छादन जमिनीतली ओल उडू देत नाही, त्यानं पाऊस मुरत नाही, कारण तोवर पाऊस संपलेला असतो. पाऊस मुरायला हवा तर जमीन जून ते सप्टेंबर झाकलेली हवी, आणि रब्बीच्या पट्ट्यात नेमकी तेव्हाच रानं मोकळी पडलेली असतात. माझं सगळं सांगणं या एका मुद्द्यापाशी येऊन थांबतं.

क्रम असा ठेवा:

अ. काढणीनंतर. ज्वारीची धसकटं वेचून जाळू नका. वळवापर्यंत उभी राहू द्या. जनावरं सोडली तरी रान पूर्ण साफ होईपर्यंत चारू नका.

आ. मशागत. नांगर माती उलथतो आणि धसकटं गाडतो. वखराची पास जमिनीखालून तण कापते आणि काडीकचरा वर ठेवते. जिथं भागतं तिथं वखरावर भागवा, पाळी उताराला आडवी घाला. रोटाव्हेटरनं पावडर केलेली माती दिसायला सुंदर, पण पहिल्याच सरीत सर्वांत घट्ट पपडी तिलाच धरते.

इ. मोकळ्या रानाला पावसाळी पांघरूण. जून-जुलैत पाऊस वेळेवर झाला आणि जमीन मध्यम ते खोल असेल तर ताग पेरा, आणि फुलोऱ्यावर यायच्या आत, ऑगस्टअखेरपर्यंत कापा. गाडण्याऐवजी काही भाग वरच पसरून ठेवा. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते, त्यामुळं तागाचा मोह लांबवू नका. उशीर झाला तर ताग ज्वारीच्या वाटणीचं पाणी पिऊन टाकतो. जूनमध्ये पावसानं ओढ दिली तर ताग पेरूच नका, वखराच्या पाळ्यांवर भागवा. हलक्या, उथळ रानात हा प्रयोग करू नये.

ई. उभ्या पिकात. तूर, बाजरी, सूर्यफूल अशा ओळींच्या खरिपात आधी कोळपणी करून पपडी मोडा, मग ओल्या जमिनीवर दोन ओळींमध्ये आच्छादन पसरा. पपडीवरच आच्छादन टाकलं तर पाणी खाली पोहोचूनही आत शिरत नाही. कोरड्या जमिनीवर टाकलं तर पहिल्या हलक्या सरी त्यातच मुरतात.

उ. किती आणि कुठलं. हेक्टरी पाच टन म्हणजे गुंठ्याला ५० किलो, एकराला दोन टन. एवढा माल कुणाकडं पडलेला नसतो, हे मान्य करून चला. कडबा जनावरांचा आहे, तो पसरायला सांगणारा माणूस दुष्काळात चारा छावणीवर राहिलेला नाही. तुरीचं आणि सोयाबीनचं भुसकट, सूर्यफुलाची ताटं, बी धरण्याआधी कापलेलं तण, बागायती शेजाऱ्याच्या उसाचं पाचट आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला, हे हाताशी असतं. माल कमी असेल तर सगळीकडं पातळ फेकू नका. उताराला आडवे पट्टे पाडा, पाच-सहा मीटरवर एक, आणि सुरुवात वावराच्या वरच्या भागापासून करा. वाहणारं पाणी तिथंच वेग घ्यायला लागतं.

सावधान:
- खोडाला चिकटवून ढीग लावू नका, बुरशी आणि वाळवी चढते. चार बोटं जागा सोडा.
- वाळलेलं भुसकट मातीत मिसळू नका. ते कुजताना जमिनीतलं नत्र काही काळ अडकून राहतं आणि पीक पिवळं पडतं. वर राहिलं तर हा त्रास फारसा होत नाही.
- पाणी साचणाऱ्या भारी काळ्या रानात भर पावसाळ्यात जाड थर नको. तिथं आधी निचऱ्याची सरी काढा.

## टप्पा ८: बांध, माळ आणि झाडं

बांध पेटवणं बंद करा. एप्रिल-मेमध्ये बांधावरचं गवत जाळलं की वर्षातला सर्वांत जोराचा थेंब, म्हणजे वळवाचा, उघड्या राखेवर पडतो. पंधरा दिवसांनी बांध फुटला म्हणून आपणच टोपलं घेऊन जातो.

माळावर मारवेल, पवन्या, कुसळी यांचे ठोंब असतील तर नवीन काही लावायच्या आधी चराई थांबवून बघा. पहिल्या पावसापासून बी गळेपर्यंत जनावर आत सोडू नका. चारा लागतोच, तर गवत मूठभर बुडखा ठेवून कापून आणा. हिवरे बाजारनं चराईबंदी केली तेव्हा गवत कापून न्यायला मोकळीक ठेवली होती. या सवलतीशिवाय चराईबंदी टिकत नाही. माळ मोकळा होईपर्यंत चारला, तर समतल चर दोन पावसाळ्यांत गाळानं बुजतात. चरात येणारी माती वरच्या उघड्या माळाचीच असते.

झाडांबद्दल मोठा गैरसमज आहे. झाड लावलं की पाणी मुरतं, असं सरसकट नाही. आठ-दहा मीटर उंच झाडाच्या पानावर पाणी गोळा होऊन मोठे थेंब बनतात आणि ते जवळपास पूर्ण वेगानं खाली येतात. सागासारख्या मोठ्या पानाच्या झाडाखाली जमीन झाडलेली असेल तर माती बाहेरच्या उघड्या रानाइतकी, कधी त्याहूनही जास्त उडते. काम करतो तो झाडाखालचा पाला आणि गवत. बागेत पाला झाडून स्वच्छ आळी ठेवणाऱ्यांनी एकदा झाडलेल्या आणि न झाडलेल्या आळ्यात कडं ठोकून बघावं.

## टप्पा ९: पाऊस झाल्यावर ओल तपासा

कड्याचे आकडे पाऊस कसा वागेल याचा अंदाज देतात, खरं उत्तर पावसानंतर जमीन देते.

उभ्या बाजूंचा, पसरट तोंडाचा कुठलाही डबा मोकळ्या जागी ठेवा, पट्टीनं पाऊस मिमीत मोजा. दुसऱ्या दिवशी आठ मिमी जाडीची लोखंडी सळई उघड्या आणि झाकलेल्या भागात दहा-दहा ठिकाणी हातानं दाबा. ओल्या मातीत ती सहज जाते आणि कोरड्या थराला लागली की अडते. बोटानं खूण धरून खोली मोजा. मुरमाड रानात सळई दगडावर अडते, तिथं खुरप्यानं छोटा खड्डा घेऊन ओलीची रेघ बघा.

मध्यम जमीन पूर्ण कोरडी असेल तर मुरलेल्या २५ मिमी पाण्यानं साधारण १५ ते २० सेंमी ओल जाते. हलक्या रानात जास्त खोल, भारी काळ्या रानात त्याहून उथळ. डब्यात २५ मिमी आणि उघड्या रानात ओल आठ सेंमी, तर निम्मं पाणी वाहून गेलं असं समजा. शेजारच्या झाकलेल्या पट्ट्यात ती १५ सेंमी सापडली तर आच्छादन काम करतं आहे. दोन्हीकडं सारखीच ओल निघाली तर तीन गोष्टी तपासा: आच्छादनाखाली जुनी पपडी राहिली आहे का, दोरीनं मोजलेलं झाकण प्रत्यक्षात ३० टक्क्यांच्या खाली आहे का, आणि तो पाऊस इतका सावकाश पडला का की उघड्या रानानंही तो सगळा पिऊन घेतला. संथ झडीच्या पावसात फरक दिसत नाही आणि दिसायलाही नको. नोंद जोराच्या सरीनंतर घ्या.

वहीत प्रत्येक नोंदीपुढं तारीख, आधीचा पाऊस किती दिवसांपूर्वी झाला, शेवटची मशागत कधी झाली आणि झाकणाचे टक्के, एवढं लिहाच. पुढच्या वर्षी त्याच जागी कडं ठोकायचं असेल तर जवळच्या बांधापासून पावलं मोजून ठेवा, खुंटी रोवू नका. वखर आला की खुंटी जाते.